बिनधुराची घागर

दिल्लीत थंडी यायला लागली, हे वर्तमानपत्राच्या आधी आमच्या घरात कळतं. सकाळी स्कूलबससाठी निघालेली माझी मुलगी कॉलनीच्या गेटपाशी थबकते, नाक वर करते आणि म्हणते, "आई, आलं." काय आलं ते विचारायचं नसतं. सप्तपर्णी फुलायला लागलेली असते. मी मान मोडेपर्यंत वर बघते, एक फूल दिसेल तर शपथ. मग काही दिवसांनी अख्ख्या रस्त्यावर ते हिरवट पांढरे गुच्छ उमलतात, संध्याकाळी गोड, जड वास सुटतो, फिरायला निघालेली माणसं थांबून "क्या खुशबू है" म्हणतात. तोवर आमच्याकडे नवा इनहेलर आलेला असतो आणि तिच्या खोलीच्या खिडक्या बंद झालेल्या असतात.

तिला दमा आहे, अगदी लहानपणापासून. आता ती अकरा वर्षांची आहे, आणि इतकी वर्षं तिच्याशेजारी राहून माझी खात्री झाली आहे की आपण बाकीचे लोक या जगात अर्धवटच राहतो. आपल्याला हवा म्हणजे रिकामी जागा वाटते. तिला ती भरलेली कळते. लिफ्टमधून आपल्याआधी कोण गेलं, हे ती सांगू शकते. शेजारच्या ब्लॉकमध्ये कुणी भिंत रंगवायला काढली, वरच्या मजल्यावर कुणी गालिचा झटकला, खाली चौकीदारानं पाला पेटवला, सगळं तिला घरबसल्या समजतं. मार्चमध्ये तुतीचे पराग, मग होळीचा रंग, मेमध्ये राजस्थानकडून येणारी धुळीची आंधी, दसऱ्यापासून पुढे धूर, असं तिचं वर्ष चालतं. चैत्र-वैशाख तिला धड पाठ नाहीत, पण हा क्रम तिनं कधी चुकवलेला नाही.

मी आणि माझा नवरा, दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. घराचं म्हणाल तर आमच्याकडे पाहुणे आले की आधी बुचकळ्यात पडतात. गालिचा नाही, जाड पडदे नाहीत, भरलेली खेळणी नाहीत. केरसुणी नाही, सगळा केर ओल्या फडक्यानं. आणि फोडणी गॅलरीत. मराठी माणसानं फोडणी सोडावी हे शक्य नाही, आणि हिंग-मोहरी-लाल मिरचीचा ठसका घरात चालणं शक्य नाही. म्हणून माझा नवरा गॅलरीत विजेची छोटी शेगडी मांडतो, नाकाला मास्क लावतो आणि एका हातानं जाळीचं दार घट्ट धरून दुसऱ्या हातानं कढल्यात मोहरी टाकतो. समोरच्या पंजाबी आंटी रोज विचारतात, "भाईसाहब, आज फिर बाहर तड़का?" तो रोज सांगतो, "जी, ताज़ी हवा में अच्छा बनता है." दिल्लीच्या ताज्या हवेत. मला आजवर ठरवता आलेलं नाही की हा माणूस विनोद करतो की अध्यात्म.

दुसरी मोहीम म्हणजे बॉक्सबेड. दिल्लीत प्रत्येक पलंगाच्या पोटात रजया असतात आणि थंडीच्या तोंडावर त्या बाहेर निघतात. आमच्याकडे त्या दिवशी मुलगी मैत्रिणीकडे जाते. आम्ही रजया गच्चीवर नेतो, उन्हात घालतो, बेड आतून पुसून घेतो आणि मगच तिला घरात घेतो. डांबरगोळ्या तर आमच्या घरातून केव्हाच हद्दपार झाल्या. कपड्यांत आम्ही कडुनिंबाचा वाळका पाला ठेवतो, तोही सुती पिशवीत बांधून.

तिच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मला एक गोष्ट सांगितली, तिचं आश्चर्य मला अजून वाटतं. मी समजत होते, दमा म्हणजे श्वास आत जात नाही. त्या म्हणाल्या, तो बाहेर पडत नाही. आतल्या नळ्या आवळतात, आत गेलेली हवा अडकून बसते, आणि भरलेल्या छातीत नवी हवा घ्यायची कुठे? त्यांनी मुलीच्या पाठीला लावलेला स्टेथोस्कोप माझ्या कानात दिला. तीन किलोमीटरवरून कुणी शीळ घालतंय असा आवाज होता. एवढ्याशा पाठीत एवढं अंतर कुठून आलं, मला कळेना. मी तो कानांतून काढला आणि पुन्हा लावला. भीती होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी वाटलं होतं. देवळाच्या गाभाऱ्यात डोकावल्यावर वाटतं तसं.

"बच्ची को दुनिया से मत हटाइए," त्या निघताना म्हणाल्या. "जो चीज़ तंग करती है, उसे हटाइए."

म्हणायला सोपं आहे. जगातून एकेक वस्तू हटवत बसायची तर माणसानं नोकरी कधी करायची? बरेचदा सोपं पडतं ते मुलीलाच हटवणं. आणि दर वर्षी ते एका ठिकाणी हमखास व्हायचं, ते म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी, काकूंच्या घरी.

काकू नात्यातल्या नव्हेत, आमच्याच कॉलनीत, तीन ब्लॉक पलीकडे राहतात. रिटायरमेंटला आल्या आहेत, मूळच्या चिपळूणच्या. नवरात्रातल्या अष्टमीला त्यांच्या हॉलमध्ये तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून देवी उभी करतात, आणि संध्याकाळी आसपासच्या मराठी बायका घागर फुंकायला जमतात. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तांब्याची रिकामी घागर उदाच्या धुरावर उपडी धरायची. ती धुरानं भरली की दोन्ही हातांत घेऊन तिच्या तोंडावर आडवी फुंकर घालायची. जमलं तर घागर घुमते. कानानं ऐकायच्या आधी तो आवाज पोटात ऐकू येतो. एक दमली की दुसरी घेते, आणि दिवसभर फायली आणि मीटिंगांत पिचलेल्या बायका तासभर देवीपुढे फुंकत, झुलत राहतात. काय अंगात येतं ते देवीला माहीत, पण त्या वेळी त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटतं.

हे सगळं आम्ही मायलेकी बाहेरच्या जिन्यात उभ्या राहून ऐकायचो. खोलीत उद, कापूर, अगरबत्ती. मुलगी दारापर्यंत जायची, देवीला नमस्कार करायची आणि परत फिरायची. गेल्या वर्षी काकूंनी फार मनावर घेतलं होतं. बाजारातलं सगळं केमिकलचं असतं म्हणून त्यांनी गावाहून गोवऱ्या मागवल्या, अस्सल गुग्गुळ मागवला. "अगं, हे शुद्ध आहे, यानं काही होत नाही, उलट छाती मोकळी होते." आपल्या लोकांचा हा एक लाडका समज आहे की गाईचा धूर धुरात धरायचा नाही. मुलगी पाच मिनिटांत जिन्यात आली. शुद्ध खोकत होती.

या वर्षी सप्तपर्णी फुलल्यावर तिनं मला सांगितलं, "आई, मला यंदा आत यायचंय. आणि फुंकायची पण आहे. एकदा तरी."

"बाळा, तिथे धूर असतो."

"पता है. पण यार, मी नेहमीच जिन्यात का?"

 तिच्या वयाच्या दोन मुली गेल्या वर्षीपासून घागर फुंकू लागल्या होत्या आणि शाळेच्या बसमध्ये त्याच्या गप्पा चालायच्या. ती काही रडली नाही, हट्टही केला नाही. इतकं समजूतदार मूल असलं की आईला जास्त त्रास होतो. मी सरळ काकूंना फोन लावला आणि म्हटलं, काकू, धुराशिवाय घागर फुंकता येईल का?

पलीकडे त्यांनी आधी टीव्ही बंद केला. मग त्या म्हणाल्या, "मी नोएडाच्या आजींना विचारून सांगते."

नोएडाच्या आजी म्हणजे आमच्या गटातल्या सर्वांत वडीलधाऱ्या. ऐंशीच्या पुढे वय, मुलाकडे राहतात, दर अष्टमीला नातसुनेला बरोबर घेऊन मेट्रोनं येतात. पहिली घागर त्यांची. रीतभातीत त्यांचा शब्द शेवटचा. संध्याकाळी काकूंचा फोन आला. आजी म्हणाल्या होत्या, "धूर देवीला लागतो असं कोण म्हणालं? तो डासांना लागतो. घागरीला वारा लागतो."

मग काकूंनी जे आरंभलं ते बघून मी थक्क झाले. अष्टमीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मुलीला घरी बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "आता तू हिंड आणि मला सांग, काय काय काढू." मुलगी हॉलभर फिरली, एकेका कोपऱ्यात थांबून हुंगायची आणि बोट दाखवायची. अगरबत्तीचं घर गेलं. कापराची डबी गेली. निशिगंधाची वेणी गेली, झेंडूला परवानगी मिळाली. सोफ्याची उशी गेली, फरशी पुसायचं सुगंधी औषध गेलं. काकू मागून एकेक वस्तू उचलत होत्या, एवढ्या मोठ्या अधिकारी बाई, मुकाट्यानं. त्यांच्या मुलानं हवा शुद्ध करायचं यंत्र आणून कोपऱ्यात ठेवलं, खिडक्या लावून घेतल्या. ग्रुपवर मेसेज गेला की उद्या कुणीही सेंट, पावडर, गजरा लावून येऊ नये. त्याखाली एकामागून एक अंगठे आले.

अष्टमीला दिवेलागणीच्या सुमाराला आम्ही गेलो. मुलीनं परकर-पोलकं घातलं होतं. ती उंबरठा ओलांडून आत गेली, देवीसमोर बसली, मांडी घातली. मी तिच्या मागे भिंतीला टेकले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तो मुखवटा जवळून बघत होते. उकडीला किती चकाकी असते! आणि देवीच्या डोळ्यांत काजळ किती बारीक रेघेनं भरलं होतं.

बायका येऊ लागल्या. ना सेंट, ना गजरा. पैठण्या, शालू, नारायणपेठी, इरकली. दिल्लीत हे नेसायचे दिवस वर्षातून चार, त्यातला हा एक. आजी जांभळी पैठणी नेसून आल्या, त्यांच्या लग्नातली. खोली भरली. दार लावलं. यंत्र मंद घरघरत होतं.

आणि मुलगी खोकली.

एकदा खोकली तर माझं लक्ष जातं. दुसऱ्यांदा खोकली की मी उठते. तिसऱ्यांदा तिचे खांदे वर गेले, आणि मी तिला दंडाला धरून काकूंच्या आतल्या खोलीत नेलं. तिला ताठ बसवलं, इनहेलर नळीला लावला, डॉक्टरांनी ठरवून दिलं आहे तसं एकेक फवारा देत गेले. बाहेर कुजबुज चालली होती. "कुणी सेंट लावलाय का गं?" "बिल्कुल नाही." "खिडकीतून आलं असेल." काकू यंत्राशी खटपट करत होत्या. मला त्या वेळी सगळ्यांचा राग आला होता, दिल्लीचा, देवीचा, त्या यंत्राचा. एवढं सगळं काढलं, मग आता राहिलं काय?

हळूहळू तिचे खांदे खाली आले. श्वास सुटा झाला. ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "आई, साड्या."

मी दाराशी गेले आणि पहिल्यांदा स्वतःच्या नाकानं वास घेतला. डांबरगोळ्या. वीस साड्या वर्षभर बॉक्सबेडमध्ये, ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या खणात डांबरगोळ्यांत निजलेल्या, आणि त्या सगळ्या आज एका बंद खोलीत एकदम आलेल्या. आमच्या घरात तो वास नसतो म्हणून माझ्या ध्यानात आलं नाही, आणि त्यांच्या घरात नेहमीच असतो म्हणून त्यांच्या. आपल्या बायकांना तो वासच वाटत नाही. तो सणाचा भाग असतो.

मी बाहेर येऊन सांगितलं. शक्य तितक्या हलक्या आवाजात सांगितलं, आणि पुढे म्हटलं, "तुम्ही सुरू करा, आम्ही निघतो. ती बरी आहे आता." मला मनापासून तसंच वाटत होतं. माणसानं किती मागावं? एका मुलीसाठी धूर बंद झाला, फुलं गेली. आता लग्नातली पैठणीही उतरवा म्हणायचं का?

 काकू उठल्या आणि मुलगी बसली होती त्या खोलीच्या पलीकडच्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगावर घरातली विटकी सुती साडी होती. त्यांनी खिडक्या सताड उघडल्या, यंत्राचा कान पिळावा तसं बटण पिळून ते मोठं केलं आणि म्हणाल्या, "जवळ राहणाऱ्या सगळ्याजणी घरी जा. कपडे बदलून या. देवी कुठे जात नाही."

आणि त्या गेल्या. काठाला हात लावून सारख्या निऱ्या नीट करणाऱ्या त्या बायका चपला घालून जिना उतरल्या. मी गॅलरीतून बघत होते. दिव्यांच्या उजेडात कॉलनीच्या रस्त्यावरून पाठमोऱ्या पैठण्या पांगत गेल्या, वेगवेगळ्या ब्लॉकांच्या दारांत शिरल्या, आणि थोड्या वेळानं त्याच दारांतून सलवार-कमीज, कॉटनच्या साड्या, एकदोन चक्क गाऊन, त्यावर ओढणी घेऊन बाहेर आल्या. मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. या बायकांशी माझं नातं काय? कुणाशी मेट्रोत ओळख झाली, कुणाशी भाजीच्या गाडीवर. दिल्लीत आपलं माणूस नाही, असं मी किती वेळा म्हटलं असेल.

आजींना मात्र नोएडाला जाऊन कपडे बदलून येणं शक्य नव्हतं. नातसुनेला काकूंनी आपली साडी दिली, आजींनाही देऊ केली. आजी म्हणाल्या, "आता दुसऱ्यांदा नेसायची ताकद नाही मला. नेसवायला तुम्ही, उभं राहायला मी." त्यांनी एक खुर्ची जिन्यात ठेवायला सांगितली आणि काठी टेकत स्वतःच बाहेर जाऊन बसल्या. दार ओढून घेतलं, फटीएवढं उघडं ठेवलं. मी मागोमाग गेले, म्हटलं, "आजी, पहिली घागर तुमची असते." त्या म्हणाल्या, "ऐकायची पण कधी तरी पहिली असू दे. इतकी वर्षं फुंकण्यात गेली, ऐकली कुठे धड?"

मी तिथेच जिन्यात उभी राहून रडले. आजींनी मला रडू दिलं आणि मग आत पिटाळलं.

आता प्रश्न माझा होता. तिला परत त्या खोलीत न्यायचं की नाही? माझं मन नाही म्हणत होतं. ती म्हणाली, "मीटर आण." घराबाहेर पडताना तिचं फुंकायचं मीटर, श्वास किती जोरानं बाहेर पडतो ते दाखवणारं, माझ्या पर्समध्ये असतंच. ती उभी राहिली, छाती भरून घेतली आणि तीनदा फुंकलं. काटा हिरव्या पट्ट्यात होता. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे. "तुला कसं वाटतंय?" "मोकळं." खोलीचा वास तिनं दारातूनच घेतला, मग आत पाऊल टाकलं. काकूंनी घागर तिच्याच हातात दिली.

आधी नुसती हवा गेली. फस्स. कुणी हसलं नाही. तिनं घागर जराशी कलती केली, ओठ आवळून बारीक केले. ही फुंकर मी ओळखते. छाती भरली की हवा घाईनं ढकलायची नाही, बारीक धार सोडावी तशी सोडायची, हे तिला लहानपणीच शिकवलेलं आहे. श्वास बाहेर सोडणं हेच जिचं रोजचं कष्टाचं काम, तिला त्या घागरीला वारा किती हवा ते बरोबर कळलं. घागर घुमली.

तिच्यापेक्षा लांब फुंकणाऱ्या त्या खोलीत पाचसात जणी तरी असतील. तिचा आवाज छोटा होता, थोडा थरथरणारा. पण तो तांब्याला लागत होता, भिंतीला लागत होता, माझ्या पायांखालच्या फरशीला लागत होता. त्या छातीतून हे निघत होतं. मी हात जोडले होते, ते देवीला की मुलीला हे मला आजही सांगता येणार नाही.

मग आवाज बारीक होत होत थांबला. तिनं घागर खाली घेतली.

टाळ्या वाजल्या नाहीत. मी मान वळवून पाहिलं. घरच्या साड्यांतल्या, गाऊनमधल्या, ओढणी सावरलेल्या सगळ्या बायका हलायच्या थांबल्या होत्या आणि त्या मुलीच्या छातीकडे बघत होत्या. दाराच्या फटीतून आजीही बघत होत्या. त्या एका पुढच्या श्वासाची वाट इतकी वर्षं फक्त मी आणि तिचा बाबा बघत आलो होतो.

तिनं श्वास घेतला. सरळ, शांत, कसलाही आवाज न करता. मग खोलीतल्या सगळ्यांनी घेतला.